वाचकाची साक्ष : वाई, १८९७ आणि अकरावी-बारावीतले माध्यम-शिक्षण

महाराष्ट्रात अकरावीसाठी २०१९ साली आणि बारावीसाठी २०२० साली मराठीची नवी ‘युवकभारती’ आली. धडे आणि कवितांच्या जोडीला तिच्यात ‘उपयोजित मराठी’ नावाचा एक विभाग होता. अकरावीच्या पुस्तकात सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद, अनुदिनी म्हणजे ब्लॉगलेखन आणि रेडिओजॉकी असे घटक, तर बारावीच्या पुस्तकात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख. म्हणजे प्रसारमाध्यमे हा विषय आपल्याकडे स्वतंत्र विषय म्हणून न येता मातृभाषेच्या तासाला, मागच्या दाराने का होईना, वर्गात आला. ज्यांनी निबंध, पत्रलेखन आणि कल्पनाविस्तार यांवर शालेय आयुष्य काढले, त्यांना हा बदल मोठाच वाटेल, आणि तो स्वागतार्हही आहे.

तरीही या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. यातील बहुतेक घटक ‘करण्या’चे आहेत. मुलाखत कशी घ्यावी, अहवाल कसा लिहावा, निवेदन कसे करावे, माहितीपत्रक कसे आकर्षक करावे. विद्यार्थ्याची कल्पना इथे माध्यमांत काम करू पाहणारा तरुण अशी केलेली आहे. प्रत्यक्षात वर्गातल्या पन्नास-साठ मुलांपैकी फार तर एखाद-दुसरा वार्ताहर किंवा निवेदक होईल. वाचक, श्रोता आणि प्रेक्षक मात्र सगळेच होणार आहेत. किंबहुना आजच आहेत. छापून आलेली बातमी कशी वाचावी, पडद्यावर दिसलेले गाव कसे पाहावे, जाहिरात आपल्याला कोण समजून बोलते आहे हे कसे ओळखावे, हे शिकवणारा घटक या यादीत शोधावा लागतो.

हा प्रश्न वाईच्या संदर्भात मांडावा असे मला वाटते. वाई हे घाटांचे, देवळांचे आणि शास्त्री-पंडितांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. पण गेल्या सव्वाशे वर्षांत या गावाचा आणि जुन्या सातारा जिल्ह्याचा माध्यमांशी जो संबंध आला, तो पाहिला तर अकरावी-बारावीचा एक उत्तम अभ्यासक्रम तिथे आयता पडलेला आहे असे दिसते.

त्याआधी हा विषय जगात शाळेपर्यंत कसा पोहोचला, हे थोडक्यात पाहू. इंग्लंडात एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्सन यांचे ‘कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट’ हे पुस्तक १९३३ साली निघाले. शाळेतल्या मुलांसमोर जाहिराती आणि वृत्तपत्रांतले उतारे ठेवून त्यांची चिकित्सा करायला लावणारे ते पुस्तक. त्यामागची भूमिका लस टोचण्याची होती : बाजारू मजकुराचा संसर्ग मुलांना होऊ नये, म्हणून त्याचा थोडा अंश शाळेतच द्यायचा. पुढे स्टुअर्ट हॉल आणि पॅडी व्हॅनेल यांनी १९६४ च्या ‘द पॉप्युलर आर्ट्स’मध्ये ही भूमिका सैल केली, चित्रपट आणि लोकप्रिय संगीत यांतही चांगले-वाईट निवडता येते, ते रोग नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. हॉल स्वतः काही काळ लंडनमध्ये शाळामास्तर होते, हे इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९८२ साली युनेस्कोच्या परिषदेत माध्यम-शिक्षणाविषयीचे ग्रुनवाल्ड घोषणापत्र निघाले, १९८५ साली लेन मास्टरमन यांचे ‘टीचिंग द मीडिया’ आले, आणि १९८७ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांताने माध्यम-साक्षरता हा माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग केला. मास्टरमन यांच्या मांडणीचा गाभा साधा आहे. माध्यमे जग जसेच्या तसे दाखवत नाहीत. निवडून, जुळवून, पुन्हा मांडून दाखवतात. म्हणून प्रत्येक मजकुरासमोर काही प्रश्न उभे करता आले पाहिजेत : हे कोणी मांडले, कोणासाठी मांडले, काय वगळले, आणि वाचणारा यातून काय घेईल?

आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने अकरावी-बारावीच्या हिंदीसाठी ‘अभिव्यक्ति और माध्यम’ हे पुस्तक २००६ साली काढले. केंद्रीय मंडळाच्या ऐच्छिक विषयांत पुढे ‘मास मीडिया स्टडीज’ही आला. महाराष्ट्र मंडळाची ‘उपयोजित’ वाट यानंतरची.

आता १८९७ कडे वळू. त्या वर्षी मुंबई इलाख्यात प्लेग होता, दुष्काळ होता, आणि २२ जून रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने मराठी वृत्तपत्रांवर राजद्रोहाचे खटले भरले. त्यांतला ‘केसरी’वरचा खटला प्रत्येक शालेय पुस्तकात असतो. पण त्याच वर्षी ज्यांच्यावर खटले झाले, त्यांत दोन वृत्तपत्रे तत्कालीन सातारा जिल्ह्यातील होती. एक वाईचे ‘मोदवृत्त’, आणि दुसरे इस्लामपूरचे ‘प्रतोद’. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा तो भाग स्वातंत्र्यानंतर वेगळा झाला. मोदवृत्ताच्या छापखान्यातून धार्मिक ग्रंथांची मराठी भाषांतरेही छापली जात. भाष्ये आणि राजकीय मजकूर यांसाठी तेच खिळे जुळवले जात होते, ही गोष्ट त्या काळच्या वाईविषयी बरेच काही सांगते.

‘प्रतोद’चा खटला माध्यमांच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. मे १८९७ च्या अखेरीस या पत्रात स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी एक लेख आला. त्याचा वरवरचा विषय कॅनडा. तिथले लोक इंग्लंडशी असलेल्या नात्याकडे कसे पाहतात, याची चर्चा त्यात होती. साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने या लेखातून हिंदुस्थान वाचला आणि संपादकाला जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची, शिक्षा दिली. अपील मुंबई उच्च न्यायालयात सरन्यायाधीश फॅरन, न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यापुढे आले. दोषसिद्धी कायम राहिली; शिक्षा मात्र खूपच खाली आली.

या खटल्यातला मुख्य वाद एका शब्दाच्या अर्थाचा होता. भारतीय दंडविधानात १८७० साली घातलेल्या १२४-अ या कलमात जो शब्द होता, त्याला आपल्या कायद्याच्या मराठीत ‘अप्रीती’ म्हणतात. टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्याचा अर्थ प्रीतीचा अभाव असा सांगितला होता. गंमत अशी की मराठी प्रतिशब्दाच्या घडणीतच स्ट्रेचींचा अर्थ बसलेला आहे : प्रीती नाही ती अप्रीती. ‘प्रतोद’च्या निकालात पार्सन्स आणि रानडे यांनी मात्र तेवढ्यावर भागत नाही असे म्हटले. नुसता प्रेमाचा अभाव पुरेसा नाही. सरकारविषयीचा वैरभाव, सत्ता झुगारण्याकडे नेणारी वृत्ती असा काहीतरी ठोस भाव हवा, अशी त्यांच्या म्हणण्याची दिशा होती. व्याख्या बदलली, पण निकालाची दिशा बदलली नाही. एकाच लेखाच्या वाचनात विचारी माणसांची मते कुठे फुटतात आणि कुठे जुळतात, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकाला मिळणार नाही.

दुसरा मुद्दा वाचकाचा. टिळकांच्या खटल्यात स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की हा मजकूर कोण वाचणार आहे, तो कोणत्या काळी आणि कोणत्या मुलखात प्रसिद्ध झाला, हे ध्यानात घ्या. वाचक म्हणजे दख्खन आणि कोकणातले रहिवासी. इंग्लंडातले तत्त्वज्ञ नव्हेत. वाचनाचा सिद्धान्त म्हणून हे म्हणणे अगदी बिनचूक आहे. पुढे १९७३ साली स्टुअर्ट हॉल यांनी संकेतन आणि विसंकेतनाची जी मांडणी केली, तिच्यातही अर्थ मजकुरात पक्का बंद नसतो, वाचकाच्या स्थानावरून तो घडतो, हेच सूत्र आहे. वाचक सांगणाऱ्याला अभिप्रेत अर्थ स्वीकारील, त्यात घासाघीस करील, किंवा उलटाच अर्थ घेईल. फरक इतकाच की १८९७ साली वाचकाला विचारण्याची कायद्याला गरजच नव्हती. अप्रीती कोणाच्या मनात खरोखर उत्पन्न झाली का, हे सिद्ध करावे लागत नव्हते. ती उत्पन्न करण्याचा प्रयत्न पुरेसा होता. सहा युरोपीय ज्यूरर एका बाजूला आणि तीन हिंदी ज्यूरर दुसऱ्या बाजूला, अशा मतविभागणीने टिळक दोषी ठरले. कोकणातला किंवा साताऱ्यातला वाचक या खटल्यांच्या केंद्रस्थानी होता, त्याच्या मनाविषयी तासन्‌तास युक्तिवाद झाले. पण हा वाचक म्हणजे न्यायालयाने कल्पिलेला एक माणूस होता.

तिसरा मुद्दा काळाचा. ‘प्रतोद’चा लेख मे महिन्याचा, ‘केसरी’तील आक्षेपार्ह ठरलेला मजकूर १५ जूनचा; रँडवरचा हल्ला त्यानंतरचा. २२ जूनच्या आधी जे वाक्य चर्चा म्हणून वाचले गेले असते, ते २२ जूननंतर चिथावणी म्हणून वाचले गेले. ‘केसरी’च्या मजकुरात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. तो अफझलखान १६५९ साली प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी वाईतच तळ देऊन होता. अडीचशे वर्षांमागची स्थानिक आठवण एका आठवड्यात ताजा पुरावा होऊन बसली. संदर्भ बदलला की मजकूर बदलतो, हे सूत्र विद्यार्थ्याला सांगून पटत नाही. अशा तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की ते आपोआप दिसते.

चौथी गोष्ट भाषांतराची. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते याचा इंग्रजी गोषवारा सरकार दर आठवड्याला तयार करवून घेत असे. मुंबई इलाख्यातील देशी पत्रांवरचे हे साप्ताहिक अहवाल आज इतिहासकारांना फार मोलाचे वाटतात, कारण अनेक पत्रांचे मूळ अंक उरले नाहीत आणि सरकारी गोषवारा तेवढा उरला. म्हणजे त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांचा सर्वांत चिकाटीचा वाचक सरकार होते, आणि आज आपण पुष्कळदा त्याच वाचकाच्या डोळ्यांनी आपली जुनी पत्रे वाचतो. गोषवारा घेणाऱ्याने काय उचलले आणि काय सोडले, हा प्रश्न त्यामुळे फार महत्त्वाचा होतो. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपल्या लेखांच्या भाषांतरातील चुका हा बचावाचा मोठा भाग केला होता. ‘अनुवाद’ हा घटक अकरावीच्या पुस्तकात होता. तो व्यवसायसंधी म्हणून शिकवण्याऐवजी, एका शब्दाच्या भाषांतरावर माणसाची सहा वर्षे अवलंबून असू शकतात, अशा रीतीने शिकवता येईल.

विसाव्या शतकातल्या वाईचा माध्यमांशी आलेला संबंध निराळ्या प्रकारचा आहे. ज्या इस्लामपुरात ‘प्रतोद’ निघत असे, तेच गाव पुढे आचार्य शं. द. जावडेकरांची कर्मभूमी झाले. १९४७ साली सुरू झालेल्या ‘नवभारत’ मासिकाचे ते पहिले संपादक. हे मासिक नंतर वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाकडे आले; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मे. पुं. रेगे यांनी ते वैचारिक मासिक म्हणून जपले. वेदविद्येच्या पाठशाळेतून मार्क्सवाद, रॉयवाद, धर्मचिकित्सा आणि आधुनिक तत्त्वज्ञान यांची चर्चा करणारे मासिक निघावे, हे मराठीत एकमेव नसले तरी विरळ आहे. त्यानंतर तर्कतीर्थांच्याच प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत सुरू झाले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. विश्वकोशासाठी परिभाषा घडवावी लागली. नभोवाणी, दूरचित्रवाणी असे शब्द या कोशाच्या पानांवर स्थिर झालेले दिसतात. २०१९ च्या पाठ्यपुस्तकात मात्र ‘अनुदिनी’ हा घडवलेला शब्द आणि ‘रेडिओजॉकी’ हा उचललेला शब्द शेजारी-शेजारी बसले. कोणता शब्द कोण घडवतो, कोणता टिकतो आणि का, हाही माध्यमांच्याच अभ्यासाचा भाग आहे. आणि त्यासाठी वाईच्या विद्यार्थ्याला गावाबाहेर जाण्याची गरज नाही.

कोशाकडे मी इथे आणखी एका कारणासाठी लक्ष वेधतो. वृत्तपत्र आज वाचून उद्या टाकायचे असते, म्हणून ते एकांगी असू शकते असे आपण मान्य करतो. कोशातली नोंद मात्र आपण निर्विवाद समजतो. पण तीही कोणीतरी लिहिलेली, कोणीतरी संपादित केलेली, जागेच्या मर्यादेत बसवलेली असते. कोणत्या विषयाला किती स्तंभ दिले, हा निर्णय असतो. विश्वकोशातील ‘वृत्तपत्रे’ ही नोंद आणि आजच्या आंतरजालावरची त्याच विषयाची नोंद समोरासमोर ठेवून वाचणे, हा बारावीच्या वर्गाला सहज झेपणारा उपक्रम आहे.

आणि मग चित्रपट. प्रकाश झा यांचा ‘मृत्युदंड’ १९९७ साली आला, ‘गंगाजल’ २००३ साली. दोन्हींची कथा बिहारमधली. चित्रीकरण बऱ्याच अंशी वाई परिसरातले. आशुतोष गोवारीकरांच्या २००४ सालच्या ‘स्वदेस’मधले चरणपूर हे उत्तर प्रदेशातले गाव आहे, प्रत्यक्षात ते वाईजवळचे मेणवली. २०१० च्या ‘दबंग’मधील उत्तर प्रदेशातही वाई आहे. म्हणजे उभ्या देशाने ज्याला बिहार किंवा उत्तर प्रदेश म्हणून पाहिले, ते कृष्णाकाठचे एक मराठी गाव आहे. मुंबई-पुण्याहून सोयीचे अंतर, जुने वाडे, दगडी घाट आणि डोंगर यांमुळे निर्मात्यांना ते परवडते. मेणवलीच्या घाटाला आणखी एक परिमाण आहे. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे आणि घाटावर एक पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई-विजयानंतर आलेल्या घंटांपैकी ती एक. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासाठी ओतलेली घंटा मराठी देवळात, आणि पेशवाईतला मराठी घाट पडद्यावरच्या उत्तर प्रदेशात. वस्तू तीच राहून तिचा अर्थ कसा पालटतो, हे इथे शब्दशः हाताने दाखवता येते.

वाईच्या मुलामुलींना या बाबतीत जो अधिकार आहे, तो दिल्ली-मुंबईच्या चित्रपट-समीक्षकालाही नाही. चौकटीच्या बाहेर काय आहे, हे त्यांना ठाऊक आहे. कॅमेरा जिथे वळत नाही तिथे कोणते दुकान, कोणता पार, कोणाचे घर आहे, हे ते सांगू शकतात. बिहार म्हणजे काय दाखवायचे हे कोणी ठरवले, खऱ्या बिहारमधल्या प्रेक्षकाला हे गाव कसे दिसले असेल, आणि आपले गाव कधीच स्वतःच्या नावाने का दिसत नाही, हे प्रश्न त्यांना स्वाभाविकपणे पडू शकतात. मास्टरमन यांचे ‘पुन्हा मांडणी’चे तत्त्व ज्यांना पुस्तकातून शिकवावे लागते, त्यांच्यापेक्षा ही मुले एक पाऊल पुढे आहेत. फक्त त्यांना हे ज्ञान आहे असे शाळेने त्यांना सांगितलेले नाही.

या मांडणीवर आक्षेप येतील. पहिला असा की अकरावी-बारावी ही प्रवेशपरीक्षांची वर्षे; तिथे असल्या चिकित्सेला वेळ कुठला? दुसरा, शिक्षकांना यासाठी तयार कोण करणार? तिसरा आक्षेप इंग्लंडातही घेतला गेला : हा मुळी अभ्यासाचा विषयच नव्हे, सोप्या गुणांची पळवाट आहे. पहिल्या दोन आक्षेपांत तथ्य आहे, आणि त्यांवर झटपट उत्तर माझ्यापाशी नाही. तिसऱ्याला मात्र ‘प्रतोद’चा निकाल हे उत्तर आहे. तीन न्यायमूर्तींना ज्या लेखाचा अर्थ लावताना स्वतंत्र मतपत्रे लिहावी लागली, तो लेख वाचणे सोपे काम नव्हे. शिवाय नवा विषय, नवे पुस्तक, नवे गुण यांची गरजही नाही. ‘वृत्तलेख’ शिकवताना तो लिहायला लावण्याआधी दोन वृत्तपत्रांतले एकाच घटनेचे वृत्तलेख वाचायला लावले, तरी निम्मे काम होते.

जिल्ह्याच्या ज्या लोकांनी १८९७ साली ‘मोदवृत्त’ आणि ‘प्रतोद’ वाचले, ते त्यातून काय समजले, याची नोंद जवळजवळ नाही. सरकारने काय वाचले याची आहे, न्यायमूर्तींनी काय वाचले याची आहे, संपादकांना काय म्हणायचे होते याविषयी वकिलांचे युक्तिवाद आहेत. वाचकाची साक्ष तेवढी नाही. आज वर्तमानपत्रे, दूरचित्रवाहिन्या आणि हातातले फोन पुन्हा वाचकाविषयी बोलत असतात. त्याला काय आवडेल, त्याच्या भावना कशाने दुखावतील, तो कशाला भुलेल, हे त्याच्या वतीने ठरवले जाते. सतराव्या-अठराव्या वर्षी, शाळा संपता-संपता, ‘मी हे असे वाचले, आणि अमुक कारणाने असे वाचले’ एवढे एक वाक्य पुराव्यानिशी लिहिता येणे, ही माध्यम-शिक्षणाची किमान अपेक्षा असावी. मुलाखत आणि माहितीपत्रक त्यानंतर शिकता येईल.